बिघडण्यापूर्वी बदल : जुन्या कंट्रोल रॅकचा वीजपुरवठा

चालत्या गाडीला खीळ घालू नये, ही म्हण आमच्या धंद्यात फार आवडीची आहे. कारखान्यातले जे यंत्र बिनबोभाट चालले आहे त्याला हात लावू नये, त्याचे झाकण उघडू नये, असे जुने कारागीर नव्या उमेदवारांना सांगत आले. आणि आम्हीही अनेक वर्षे तेच सांगत होतो. आज आम्हांला जे सांगायचे आहे ते याच्या नेमके उलट आहे. यंत्राच्या एका भागापुरती ही म्हण खोटी आहे. तो भाग म्हणजे कंट्रोल रॅकचा पॉवर सप्लाय. बिघडण्याची वाट न पाहता, तो धडधाकट दिसत असतानाच बदलला पाहिजे.

हे शहाणपण आम्हांला पुस्तकातून आले नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यात मार्चअखेर हंगाम संपला, तेव्हा गव्हाणीच्या आणि गिरणीच्या नियंत्रणाचा रॅक आम्ही पाहून आलो होतो. रॅक वीस वर्षांहून जुना. पण सर्व दिवे हिरवे, आणि हंगामभर एकही तक्रार नाही. तेथल्या विद्युत विभागातील एका जुन्या कर्मचाऱ्याने विचारले, "साहेब, सप्लाय बदलून टाकायचा का?" आम्ही म्हणालो, "चालतोय ना? मग राहू द्या." रॅकची वीज बंद झाली. पावसाळा गेला, दसऱ्याला बॉयलरचे अग्निप्रदीपन झाले, गव्हाणीत मोळी टाकण्याचा दिवस उजाडला. तोडणीच्या टोळ्या फडात उतरल्या होत्या, उसाच्या पहिल्या गाड्या आवारात येऊन उभ्या होत्या. खटका वर केला, आणि रॅकवर एकही दिवा लागला नाही.

नवा पॉवर सप्लाय घेऊन आम्ही धावलो. तो बसवला, दिवे लागले. पण रॅकमधला प्रोग्रॅम नाहीसा झाला होता. तो सांभाळणारी लहानशी बॅटरी पावसाळ्यातच संपली होती. प्रोग्रॅमची प्रत शोधण्यात दीड दिवस गेला. मिळाली ती दोन वर्षांपूर्वीची. मधले फेरफार त्याच जुन्या कर्मचाऱ्याच्या ध्यानात होते, म्हणून काम मार्गी लागले. तोवर आवारात ऊस वाळत होता. तोडलेल्या उसाचे वजन घटते ते शेतकऱ्याचे नुकसान, आणि त्यातली साखर घटते ते कारखान्याचे. मार्चमध्ये आम्ही होय म्हटले असते तर हे काहीच घडले नसते. दोष आमचा होता, आणि तो कोठे होता हे नीट समजून घेणे हाच या विवेचनाचा हेतू आहे.

रॅक आणि त्याचे अन्न

कारखान्यातील मोटारी केव्हा चालाव्यात, झडपा केव्हा उघडाव्यात, एक चालल्याशिवाय दुसरे चालू नये, हे ठरवण्याचे काम पूर्वी शेकडो रिले करीत. कामाची पद्धत बदलली की साऱ्या वायरी उकलून पुन्हा जोडाव्या लागत. १९६८ साली अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या एका विभागाने याला पर्याय मागितला. त्यातून डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले 'मोडिकॉन ०८४' हे यंत्र पुढे आले. वायरींऐवजी प्रोग्रॅम बदलायचा, ही त्यातली मुख्य कल्पना. अशा यंत्राला पी.एल.सी. म्हणतात. लोखंडी चौकटीत पुस्तकांसारखी कार्डे बसवलेली असतात, आणि मागच्या बाजूला सर्व कार्डांना जोडणारी एक पाटी असते. तिला बॅकप्लेन म्हणतात. हा झाला रॅक.

या कार्डांना २३० व्होल्टची वीज चालत नाही. त्यांना लागते ५ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी, अगदी स्थिर वीज. जुन्या कार्डांवरील बहुतेक चिपांना ४.७५ ते ५.२५ एवढाच पल्ला मानवतो. त्याबाहेर त्या काय करतील याची हमी नाही. पॉवर सप्लायचे काम एवढेच, की बाहेरची वीज घ्यायची आणि ती या अरुंद पल्ल्यात आणून सर्व कार्डांना पुरवायची. तो विचार करीत नाही, निर्णय घेत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

हौदाचे उदाहरण

सप्लायच्या पोटात काय चालते हे पाण्याच्या उदाहरणाने लवकर ध्यानात येईल. आपल्या घरी नळाला पाणी ठरावीक वेळीच येते, तरी स्वयंपाकघरातली तोटी दिवसभर चालते. कारण मध्ये गच्चीवर टाकी असते. सप्लायमध्येही असेच आहे. बाहेरून येणारी वीज सेकंदाला शंभर वेळा वाढते आणि शंभर वेळा शून्यावर येते. ती प्रथम एकदिश केली जाते आणि सुमारे ३२५ व्होल्टच्या एका मोठ्या टाकीत भरली जाते. तेथून इलेक्ट्रॉनिक खटका तिचे सेकंदाला हजारो तुकडे करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पाठवतो. पलीकडे ५ व्होल्टच्या दुसऱ्या टाक्यांमध्ये ते तुकडे पुन्हा एकजीव होतात. या टाक्या म्हणजेच कपॅसिटर.

हे कपॅसिटर बहुधा इलेक्ट्रोलिटिक जातीचे असतात. अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या, त्यांच्यामध्ये एका द्रवात भिजवलेला कागद, सारे गुंडाळून एका डबीत घातलेले आणि डबीचे तोंड रबरी बुचाने बंद केलेले, अशी त्यांची घडण. बूच कितीही घट्ट असले तरी तो द्रव वर्षानुवर्षे कणाकणाने उडून जातो. द्रव कमी झाला की दोन गोष्टी होतात : टाकीत गाळ साचावा तशी तिची साठवण घटते, आणि तोटी बुजावी तसा तिचा आतला रोध वाढतो. सप्लायमधल्या इतर बहुतेक वस्तू पुष्कळ वर्षे टिकतात. आधी जातो तो बहुधा हा कपॅसिटर.

आयुष्याचा हिशेब

या वाळण्याचा हिशेब स्थूलमानाने मांडता येतो. उष्णता दहा अंशांनी वाढली की कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते, दहा अंशांनी उतरली की दुप्पट, असा ठोकताळा आहे. समजा, डबीवर '१०५ अंश, २००० तास' असे छापले आहे. पॅनेलच्या आत त्या कपॅसिटरभोवती ६५ अंश उष्णता राहिली तर आयुष्य चार वेळा दुप्पट होऊन ३२,००० तास होईल. वर्षाचे तास ८,७६० धरले, तर अखंड चालणाऱ्या रॅकमध्ये ही जेमतेम साडेतीन-पावणेचार वर्षे झाली. तेच तापमान ४५ अंशांवर राखले तर १,२८,००० तास, म्हणजे साडेचौदा वर्षे. कपॅसिटर तोच, सप्लाय तोच; फरक केवळ वीस अंशांचा.

म्हणून पॅनेलचा पंखा आणि त्याची जाळी या क्षुल्लक वस्तू नव्हेत. साखर कारखान्यात बगॅसची बारीक भुकटी हवेत तरंगत असते. ती जाळीवर बसते, पंखा गुदमरतो, आणि कोणाच्याही नकळत आतल्या सप्लायची वर्षे झडू लागतात. आठवड्यातून एकदा जाळी झटकणे हे या धंद्यातले सर्वांत स्वस्त औषध आहे.

चालू असताना जगतो, बंद केल्यावर मरतो

आता आमच्या हकीकतीतले कोडे सोडवू. मार्चपर्यंत उत्तम चालणारा सप्लाय सहा महिने नुसता पडून राहिल्यावर का मेला? विश्रांतीने तर बरे वाटायला हवे.

एक कारण असे, की कपॅसिटर गरम असला तर त्यातला उरलासुरला द्रव पातळ राहतो आणि काम निभावून नेतो. थंड झाला की रोध एकदम वाढतो. दुसरे, सप्लाय चालू करण्याच्या क्षणी आतल्या नियंत्रक चिपला जोर देणारा एक लहानसा कपॅसिटर असतो. एकदा सप्लाय चालू झाला की चिपचे पोषण दुसरीकडून होते, म्हणून हा लहान कपॅसिटर वाळला तरी वर्षभर कळत नाही. पुन्हा चालू करण्याची वेळ आली की मात्र त्याचे दिवाळे उघड होते. तिसरे, कपॅसिटरमधल्या पट्टीवरचा संरक्षक थर विजेविना फार काळ राहिला की अशक्त होतो, आणि पहिल्याच धक्क्याला जास्त वीज गळू लागते. शिवाय पावसाळ्यातली ओल आणि साचलेली भुकटी आहेच. थोडक्यात, सप्लायची खरी परीक्षा तो चालत असताना होत नाही, चालू करताना होते. आणि साखर कारखान्यात ही परीक्षा वर्षातून एकदा, तीही सर्वांत गैरसोयीच्या मुहूर्तावर येते.

दुखणे एकीकडे, कळ दुसरीकडे

सप्लाय एकदम मेला तर निदान सोपे असते. अवघड असतो तो अर्धवट आजारी सप्लाय. तो स्वतः तक्रार करीत नाही. तक्रार इतरांच्या तोंडून येते. कधी प्रोसेसर कारणावाचून थांबतो, कधी दूरच्या रॅकशी दळणवळण तुटते, कधी एखादे कार्ड चुकीचे आकडे देते आणि दुसऱ्या दिवशी आपोआप सुधारते. मग लोक कार्डे बदलतात, केबली बदलतात, शेवटी वीज कंपनीला दोष देतात. या शेवटच्या आरोपात थोडे तथ्य दिसते तेही फसवेच. बाहेरची वीज क्षणभर डळमळली तर मोठ्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर चांगला सप्लाय तो क्षण निभावून नेतो. साठा आटला की तीच डळमळ, जी दहा वर्षे कोणाला जाणवली नव्हती, ती रॅक बंद पाडू लागते. वीज तीच असते. टाकी लहान झालेली असते.

अशा वेळी आम्ही तपासणीचा एक क्रम पाळतो. त्यातली पायरी गाळली की वेळ वाचण्याऐवजी वाया जातो.

पहिली पायरी, सप्लायच्या अगदी तोंडाशी येणारी वीज मोजणे. मुख्य बोर्डावर २३० असून सप्लायच्या स्क्रूपाशी १९० सापडल्याचे आम्ही पाहिले आहे. वीस वर्षांत स्क्रू ढिले होतात आणि काळे पडतात. फ्यूज उडालेला असेल तर नवा घालण्यापूर्वी तो का उडाला याचा विचार करावा.

दुसरी पायरी, ५ व्होल्ट मोजणे. आणि तेही सप्लायपाशी नव्हे, बॅकप्लेनच्या दूरच्या टोकाला. दोन्ही ठिकाणच्या आकड्यांत बराच फरक असेल तर दोष सप्लायचा नसून जोडणीचा आहे.

तिसरी पायरी, लहर पाहणे. साधा मल्टिमीटर सरासरी सांगतो. हिवतापाच्या रोग्याचा दिवसभराचा सरासरी ताप काढला तर तो फारसा आजारी वाटणार नाही, तसेच हे. मल्टिमीटरवर बरोबर ५ दिसतात, पण ऑसिलोस्कोप लावला की वर-खाली उसळणारी लहर दिसते. पन्नास मिलिव्होल्टपर्यंतची लहर आम्ही निरोगी मानतो; शंभराच्या पुढे पाळत ठेवतो; दीडशेच्या पुढे गेली की तो सप्लाय काढतो. ऑसिलोस्कोप लावावा तो ५ व्होल्टच्या बाजूलाच. ३२५ व्होल्टच्या बाजूला त्याची अर्थिंगची पकड लावणे जिवावर बेतू शकते.

चौथी पायरी, भार तपासणे. ५ व्होल्ट खाली गेले आहेत, पण दोषी कोण? सप्लाय दुबळा आहे, की एखादे कार्ड जास्त खात आहे? वीज बंद करून एक कार्ड काढावे, पुन्हा चालू करून पाहावे, असे एकेक करीत जावे. चालू रॅकमधून कार्ड ओढू नये. हे करताना यंत्रे आपोआप सुरू होणार नाहीत याची तजवीज आधी करावी. त्याबरोबरच प्रत्येक कार्डाला किती अँपिअर लागतात याची बेरीज कागदावर मांडावी. वीस वर्षांत कोणी दोन, कोणी चार कार्डे वाढवलेली असतात, आणि ८ अँपिअरच्या सप्लायवर साडेआठाचा बोजा पडलेला असतो. तेथे नवा सप्लायही फार दिवस टिकणार नाही.

एक मोह मात्र टाळावा. काही सप्लायवर व्होल्टेज वाढवण्याचा लहान स्क्रू असतो. खाली आलेला आकडा त्या स्क्रूने वर ओढणे म्हणजे थकलेल्या बैलाला चाबूक मारणे होय. पुढे भार कमी झाला की तेच व्होल्टेज पल्ल्याबाहेर जाऊन सर्व कार्डे धोक्यात येतात.

बदली करताना

बदलीचे पहिले काम सप्लायशी संबंधितच नाही. ते म्हणजे प्रोग्रॅमची ताजी प्रत घेणे, आणि ती उघडते की नाही हे दुसऱ्या संगणकावर पाहणे. त्यानंतर बॅटरी. जुन्या रॅकमध्ये प्रोग्रॅम बहुधा अशा स्मृतीत असतो जी वीज गेल्यावर केवळ बॅटरीवर जगते. म्हणून, निर्मात्याची तशी सूचना असेल तेथे, रॅकची वीज चालू असतानाच बॅटरी बदलावी आणि मगच वीज बंद करावी. सीमेन्सच्या एस५-११५यू या जुन्या रॅकमध्ये तर बॅटरी पॉवर सप्लायच्याच पोटात बसते. तेथे प्रोग्रॅम ईप्रॉममध्ये नसेल, तर सप्लाय काढताच बॅटरीही निघाली आणि प्रोग्रॅमही गेला. याकरिता त्या सप्लायवर बाहेरून बॅटरी जोडण्याची सोय ठेवलेली असते, तिचा उपयोग करावा.

मग वीज बंद करून कुलूप लावावे आणि थांबावे. मोठ्या कपॅसिटरमधले ३२५ व्होल्ट खटका पाडल्याबरोबर नाहीसे होत नाहीत. सप्लाय उघडायचा असेल तर मोजल्याशिवाय हात घालू नये. उरलेली वीज पेचकसाने ठिणगी पाडून नव्हे, तर रोधकामधून सावकाश सोडावी. काढण्यापूर्वी प्रत्येक वायरीचे चित्र घ्यावे, आणि व्होल्टेज निवडण्याच्या पट्ट्या कोठे होत्या ते टिपावे. ११५ व्होल्टवर ठेवलेला नवा सप्लाय २३० ला जोडल्यास त्याचे आयुष्य एका क्षणाचे ठरते.

प्रत्येक मालिकेचे आणखी काही बारकावे असतात. पी.एल.सी.-५ ही मालिका आपल्याकडील अनेक कारखान्यांत आहे. तिच्या १७७१ जातीच्या रॅकमध्ये ८ अँपिअरचा पी४एस हा सप्लाय कार्डासारखा आत बसतो, तर १६ अँपिअरचा पी७ बाहेर बसतो. बॅकप्लेनवर एक लहान प्लग असतो : सप्लाय आत असेल तर तो 'वाय'कडे आणि बाहेर असेल तर 'एन'कडे लावायचा. आतला काढून बाहेरचा बसवला आणि हा प्लग तसाच राहिला तर नव्या सप्लायला विनाकारण दोष येतो. एकाच रॅकला आतला आणि बाहेरचा असे दोन्ही सप्लाय जोडणे निषिद्ध आहे. दोन सप्लाय समांतर चालवायचे तर ते त्यासाठीच बनवलेले हवेत. एरवी ज्याचे व्होल्टेज केसभर जास्त तो सारा भार ओढतो आणि दुसरा नुसता उभा राहतो.

मूळ सप्लाय मिळत नाही म्हणून बाजारातला साधा ५ व्होल्टचा सप्लाय वायरींनी जोडण्याची युक्ती काही जण करतात. तिचा हिशेब आधी करावा. जाण्या-येण्याच्या वायरींचा रोध मिळून दहा मिलिओहम एवढाच असला, तरी १६ अँपिअरला ०.१६ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. ५ चे ४.८४ झाले, ४.७५ ची सीमा आता हाताच्या अंतरावर आली. शिवाय, वीज जाणार असल्याची आगाऊ सूचना प्रोसेसरला देण्याचे जे काम मूळ सप्लाय करतो, ते हा करीलच असे नाही.

जुना, दुरुस्त, की नवा

पी.एल.सी.-५ चे उत्पादन २०१७ साली थांबले. म्हणजे मूळ सप्लाय आता मिळतो तो शिल्लक साठ्यातून, जुन्या बाजारातून, किंवा दुरुस्तीतून. जुन्या बाजारातल्या सप्लायचे खोके नवे असते, पण आतला कपॅसिटर त्याच्या जन्मतारखेचा असतो. कपाटात पंधरा वर्षे राखून ठेवलेल्या सप्लायचीही तीच गोष्ट. 'आमच्याकडे एक शिल्लक आहे' या वाक्यावर विसंबणारे कारखाने आम्ही पुष्कळ पाहिले. ती शिल्लक चालते का, हे फार थोड्यांनी पाहिलेले असते. वर्षातून एकदा ती काढून टेबलावर काही तास भार देऊन चालवावी.

दुरुस्ती करायची तर एक फुगलेला कपॅसिटर बदलून थांबू नये. सारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एकाच वेळी बदलावेत, १०५ अंशांचे आणि कमी रोधाचे घ्यावेत, आणि धन-ऋण दोनदा तपासावे. दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी सिरीज बोर्डावर, दिवा मध्ये घालून करावी. आत कोठे शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटेल आणि सप्लाय वाचेल. मग थेट विजेवर पूर्ण भार द्यावा. ५ व्होल्ट, ८ अँपिअरसाठी ०.६२५ ओहमचा रोधक लागतो आणि त्यात ४० वॉट उष्णता होते, म्हणून रोधक १०० वॉटचा घ्यावा. दिवसभर चालवून, पूर्ण थंड करून, पुन्हा चालू करून पाहावे. ही शेवटची पायरी पुष्कळ जण सोडतात. ती का सोडू नये, हे आता निराळे सांगायला नको.

यावर कोणी विचारील, की इतका खटाटोप कशाला, सारा रॅकच नवा का बसवू नये? प्रश्न रास्त आहे. नव्या रॅकला खर्च लागतो, शेकडो वायरी हलवाव्या लागतात, प्रोग्रॅम नव्याने लिहून पारखावा लागतो. हे एका पावसाळ्यात उरकेलच असे नाही. नवा सप्लाय म्हणजे रॅकला मिळालेली मुदत आहे, अमरत्व नव्हे. त्या मुदतीत प्रोग्रॅमचे साध्या मराठीत वर्णन लिहून काढावे. कोणती अट का घातली, कोणता फेरफार कोणत्या अडचणीतून आला, हे ज्याला ठाऊक आहे त्याला शेजारी बसवून लिहावे. आमच्या हकीकतीतला तो जुना कर्मचारी पुढच्याच वर्षी निवृत्त झाला. त्या दिवशी तो नसता तर गव्हाण केव्हा सुरू झाली असती, हे आम्हांला सांगता येणार नाही.

हे व्याख्यान वसंतात होत आहे, हा योग चांगला आहे. गळीत संपले आहे, पॅनेल बंद आहेत, आणि मोळीला अजून पाच-सहा महिने अवकाश आहे. या दिवसांत प्रत्येक रॅकचा सप्लाय तपासावा, वयाने थकलेला बदलावा, बॅटरी नवी घालावी, आणि दसऱ्याच्या एक महिना आधी सारे एकदा चालू करून पाहावे. बदलल्याची तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती पॅनेलच्या दाराला आतून चिकटवावी. आम्ही गेल्यावर जो कोणी ते दार उघडील, त्याला निदान एवढे कळेल की पुन्हा केव्हा बदलायचे.